मदत हवी आहे: व्हिडिओतल्या आलेखांचं वर्णन कुठे बसवायचं?

संख्याशास्त्राच्या ऑनलाइन कोर्ससाठी व्हिडिओ तयार करतेय. शिकणाऱ्यांमध्ये स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणारे आहेत, ऐकू न येणारे आहेत, आणि लक्ष पटकन विचलित होणारेही.

कॅप्शनचं जमलंय. आपोआप तयार होणारी कॅप्शन्स ‘प्रमाण विचलन’सारख्या शब्दांवर हमखास अडखळतात, म्हणून हाताने तपासते. मजकूर आणि पार्श्वभूमीतला कॉन्ट्रास्टही ४.५:१ च्या वर आहे.

अडलंय ते आलेखांपाशी. शिक्षक बोलता बोलता आलेख काढतात, ‘हे बघा, इथून हा असा वर जातो’ म्हणतात. न दिसणाऱ्याला यातून काय कळणार? डब्ल्यूसीएजीच्या (वेबवरचा मजकूर सगळ्यांना वापरता यावा यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या) एए या मधल्या पातळीला ध्वनिवर्णन, म्हणजे पडद्यावर काय दिसतंय ते सांगणारा आवाज, लागतं, पण बोलण्यात ते बसेल एवढी फटच नाही. व्हिडिओ थांबवून वर्णन ऐकवायचा विस्तारित प्रकार आहे (तो एएए या सर्वात वरच्या पातळीचा), पण सगळ्यांसाठी तोच ठेवला तर लक्ष न टिकणाऱ्यांची पंचाईत.

माझा कल स्क्रिप्टच बदलण्याकडे आहे: शिक्षकांनीच ‘आडव्या अक्षावर अभ्यासाचे तास, उभ्यावर गुण, सहा तासांनंतर रेषा सपाट होते’ असं म्हणायचं. पण जुन्या व्हिडिओंचं काय? पुन्हा रेकॉर्डिंग शक्य नाही.

वर्णनासह दुसरी आवृत्ती, की सोबत सविस्तर ट्रान्सक्रिप्ट आणि आकड्यांचा तक्ता? स्वतः स्क्रीन रीडरवर शिकणाऱ्यांनी सांगितलं तर फारच बरं. विखुरलेल्या बिंदूंच्या आलेखात किती तपशील हवासा वाटतो, आणि कुठे कंटाळा येतो?