पाण्याचा रिपोर्ट 'पिण्यायोग्य' आलाय पण लोक आजारी पडतायत, पुन्हा तपासणी कशी मागायची?

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. दहा दिवसांत आमच्या बिल्डिंगमध्ये सात-आठ जणांना जुलाब-उलट्या झाल्या. तळमजल्यावर कॅन्टीन आहे, सगळ्यांनी आधी त्याच्यावरच खापर फोडलं, पण आजारी पडलेल्यांतले तिघं तिथे कधी खातच नाहीत, त्यातलं एक तर दीड वर्षाचं पोर. सगळ्यांत कॉमन काय, तर गच्चीवरची टाकी. कॅन्टीनलाही पाणी तिथूनच.

तक्रार केल्यावर आरोग्य विभागाचा माणूस आला आणि त्याने नमुना घेतला खालच्या नळाचा, म्हणजे पाणी टाकीत चढायच्या आधीचा! वर बाटलीच्या तळाला पांढरी पावडर दिसली म्हणून आमच्या सेक्रेटरींनी "घाण आहे हो" म्हणत ती विसळून दिली, तोही काही बोलला नाही. नंतर कळलं की ते सोडियम थायोसल्फेट असतं, नमुन्यातलं क्लोरीन निकामी करायला मुद्दाम टाकलेलं, नाहीतर क्लोरीन बाटलीतच जंतू मारत राहतं आणि लॅबला काही सापडत नाही. रिपोर्ट आला, ई. कोलाय (मैल्यातून पाण्यात येणारा जंतू) नाही, विषय संपला म्हणे.

मी क्लोरीनचा साधा किट आणला. खालच्या नळाला लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम. आमच्या चौथ्या मजल्यावर थेंब टाकून ट्यूब पांढऱ्या कागदासमोर धरली, पिवळेपणा नावालाही नाही, म्हणजे क्लोरीन दिसतच नाही. नळाला निदान ०.२ तरी हवं ना?

कॅन्टीनच्या तपासणीचंही तेच, आले, लायसन बघितलं, फोटो काढला, निघाले.

आता अर्जात नेमकं काय लिहू? टाकी तुमची म्हणून ते हात वर करतील का? सेक्रेटरी म्हणतात टाकी धुऊन टाकू आणि मोकळे होऊ.

प्रतिसाद:
धुवायची घाई नको, आधी नमुना, नाहीतर पुरावाच गेला. तोवर पिण्याचं पाणी खळखळ उकळून. खालचा नळ आणि चौथा मजला, दोन्ही नमुने एकाच दिवशी मागा, क्लोरीन जागेवरच मोजून लिहून घ्या, बाटली न विसळता बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी लॅबला. टाकी बहुतेक तुमच्याच गळ्यात येणार, ते मान्य करा, पण अर्जात नुसती पाण्याची तक्रार नको, 'एकाच टाकीवरचे इतके रुग्ण' असं लिहा आणि यादी जोडा: मजला, त्रास कधी सुरू झाला, कॅन्टीनमध्ये खाल्लं का. मग साथरोगवाल्यांना यावंच लागतं.

धागाकर्ता:
यादी केली, आता नऊ जण झालेत. सकाळी गच्चीवर गेलो तर टाकीच्या झाकणाला तडा आणि तड्यात कबुतराचं पीस अडकलेलं. फोटो अर्जाला जोडतोय, झाकणाला हात लावलेला नाही.