मदत हवी आहे: बेस्टकडे हवामान कृतीचा समन्वय देता येईल का?

नमस्कार मंडळी. आमच्या वॉर्डातले काही जण मिळून महापालिकेला एक निवेदन देणार आहोत. मुंबईचा हवामान कृती आराखडा मार्च 2022 मध्ये आला, उद्दिष्ट 2050 पर्यंत नेट झिरो, म्हणजे जेवढे हरितगृह वायू हवेत सोडू तेवढेच शोषले जावेत. त्यात शहराच्या उत्सर्जनाचा सर्वात मोठा वाटा इमारतींतल्या वीज-इंधनाचा, त्याखालोखाल वाहतुकीचा आहे. आणि बेस्ट तर दोन्ही कामं करते! बस चालवते, शहर भागात वीजही पुरवते. 1947 पासून ती महापालिकेचीच आहे. मग इलेक्ट्रिक बस, चार्जिंग, छतावरचं सोलर, सोसायट्यांची वीजबचत यांचा समन्वय तिच्याकडेच का नसावा? माझ्या मते हे काम तिचंच आहे.

अडचण अशी की बेस्ट आधीच तोट्यात आहे. पैशाची सोय न करता नवी जबाबदारी दिली तर बसगाड्याच कमी होतील, याची मला खरंच धास्ती वाटते. शिवाय उपनगरात बस बेस्टची, पण वीज बहुतेक ठिकाणी खासगी कंपन्यांची.

1888 च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात बदल न करता, नुसत्या ठरावाने हे जमेल का? कायदा किंवा पालिकेचं अंदाजपत्रक जाणणारं कुणी मसुदा वाचून देईल का? पुढच्या आठवड्यात द्यायचा आहे.