‘फ्री मोशन क्विल्टिंग’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न : मी घरगुती शिलाई मशीनवर गोधडी शिवायला शिकवते. मशीनचे कापड पुढे सरकवणारे दाते खाली घेऊन, कापड हातानेच हवं तिकडे फिरवत वेलबुट्ट्या काढायच्या, त्याला ‘फ्री मोशन क्विल्टिंग’ म्हणतात. शिकणाऱ्यांसाठी मराठीत टिपण करते आहे. कुणीतरी ‘मुक्तगती रजईकाम’ सुचवलं. कानाला फार खटकतंय. दुसरं काही?

प्रतिसाद : ‘मुक्तगती’ नकोच. गती म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोक्यात वेग येणार. इथे मोकळी असते ती दिशा. ‘रजई’ही चुकतंय. रजईत पिंजलेला कापूस भरतात. गोधडी किंवा वाकळ म्हणजे जुन्या लुगड्या-धोतरांचे थर, दोरे घालून एकजीव केलेले. तुम्ही थरच जोडताय, तेव्हा ‘गोधडी’ सोडू नका.

आता टाक्याचं. हाताच्या गोधडीला धावदोरा असतो, दोन टाक्यांत मोकळी जागा. हातटिपेत सुई मागे येऊन ती जागा भरून काढते. मशीनची शिलाई वरून तशीच सलग दिसते, म्हणून तीही ‘टीप’. तेव्हा मशीनच्या कामाला धावदोरा म्हणता येणार नाही. मी ‘मोकळी टीप’ म्हणेन.

प्रतिसाद : ताई, ‘मोकळी टीप’ ऐकून कुणालाही टीप सैल पडलीय असंच वाटेल. ‘हाताची टीप’ म्हणावं तर हातटिपेशी घोळ. ‘फिरती टीप’ कसं वाटतं? सुई जागेवरच वरखाली होते, फिरतं ते कापड आणि त्याच्याबरोबर टीप.

काम मुळीच नवीन नाही. माझी आई काळ्या पायमशीनवर भरतकाम करायची. कापड दाबणारा पाय काढून ठेवायची, कापड रिंगमध्ये ताणायची आणि दात्यांवर पत्र्याची छोटी झाकणी बसवायची, कारण त्या मशीनचे दाते खाली जात नव्हते. तिच्या तोंडी ‘भरणं’ हा शब्द असे. पण भरण्यात आकार दोऱ्याने भरून निघतो. गोधडीवर नुसती रेघ हिंडते, म्हणून तो शब्द इथे नाही बसत.

टिपणात एक गोष्ट ठळक लिहा. या कामाला लावतात तो डार्निंगचा, म्हणजे रफूचा, पाय कापडाच्या जरासा वरच राहतो, म्हणून नवख्या बाया पायाची कळ खाली पाडायला विसरतात. कळ वर राहिली की वरच्या दोऱ्याला ताणच बसत नाही आणि गोधडीच्या पोटाशी दोऱ्याचं जाळं होतं. ते उसवताना अक्षरशः टिपं गाळलीत मी.

प्रतिसाद : ‘फिरती टीप’ला माझंही मत. दाते कापड ओढत नाहीत, म्हणजे टाका लहान की मोठा हे हात ठरवतात. मशीन सेकंदाला 10 टाके घालत असेल आणि टाका अडीच मिलिमीटरचा हवा असेल, तर कापड सेकंदाला अडीच सेंटिमीटर सरकायला हवं. हात थांबला की टाके एकाच जागी साचतात.

स्वतःला न छेदता वळणं घेत जाणाऱ्या नक्षीला इंग्रजीत ‘मीअँडर’ म्हणतात, तुर्कस्तानातल्या वळणावळणाच्या नदीवरून. आपल्याकडे सापावरून आलेला ‘नागमोडी’ आयता आहे. ‘झिगझॅग’साठीही ‘गोमूत्रिका’ हा सुरेख जुना शब्द आहे, चालत्या बैलाच्या मुताची उमटते तशी रेघ. वर्गात मात्र झिगझॅगच म्हणा, मशीनच्या बटणाला सगळे तेच म्हणतात.

प्रश्नकर्ती : ‘फिरती टीप’ पक्कं. नाव ‘फिरत्या टिपेची गोधडी’. टिपेचा सूर आठवतो खरा, पण वाक्यात घोटाळा होत नाही. पहिला परिच्छेद असा लिहिलाय, खटकलं तर सांगा :

‘दाते खाली घ्या, डार्निंगचा पाय लावून कळ खाली पाडा. सुई एकदा खालीवर करून खालचा दोरा वर ओढून घ्या. हाताने शिवताना आपण कडेकडून आत येतो. इथे गोधडीच्या मध्यावर नागमोडी फिरती टीप सुरू करा आणि फुगलेलं कापड तळव्यांनी कडेकडे सारत बाहेर या.’