फ्लाय फिशिंग: ‘माशी’ म्हणावं की ‘फ्लाय’च ठेवावं?

प्रश्न

एक मोठा लेख मराठीत आणतो आहे. विषय फ्लाय फिशिंग, म्हणजे गळावर पिसं-केस बांधून केलेल्या नकली भक्ष्याने (‘फ्लाय’ने) मासे धरणं. अर्धा भाग डोंगरातल्या थंड ओढ्यांमधल्या ट्राउटवर, उरलेला किनाऱ्यालगतच्या उथळ खाऱ्या पाण्यातल्या बोनफिश, टार्पन, ट्रेव्हली या माशांवर. ‘फ्लाय’ला ‘माशी’ म्हणून सुरुवात केली, तर ‘माशाने माशी घेतली’, ‘माश्या बदलल्या तरी माशांनी दाद दिली नाही’ अशी वाक्यं होऊ लागली. वाचणाऱ्याला दर ओळीत थांबून कोण कोणाला खातंय ते ठरवावं लागेल. ‘आमिष’ चालेल का? शिवाय ड्राय फ्लाय, वेट फ्लाय, निम्फ, कास्ट, स्ट्राइक, ड्रॅग, टिपेट यांना रुळलेले शब्द कोणाला माहीत असतील तर सांगावेत.

उत्तर

‘आमिष’ नको. संस्कृतात आमिष म्हणजे मांस. ‘सामिष’ आणि ‘निरामिष’ या शब्दांत तो अर्थ अजून जिवंत आहे. मराठीत पुढे तो पसरला, पैशाचं आमिष म्हणताना मांस कोणाच्या मनात येत नाही, तेव्हा नुसत्या व्युत्पत्तीवर मी अडून बसणार नाही. अडचण दुसरीच आहे. ट्राउटच्या अनेक नद्यांवर फक्त फ्लायला परवानगी असते आणि गांडूळ, अळी, माशाचा तुकडा अशा खऱ्या आमिषाला बंदी असते. तुमच्या लेखात हा नियम आला, आणि तो येईलच, की ‘आमिषाला बंदी, आमिषाला परवानगी’ असं काहीतरी लिहावं लागेल. फ्लायमध्ये खाण्यासारखं काही नसतं. गळाच्या दांडीवर दोऱ्याने आवळून बांधलेली पिसं, केस, लोकर, कधी चमकीचा धागा, एवढंच. हा फरक शब्दातच दिसला पाहिजे.

दुसरं मत

मला ‘माशी’ इतकी टाकाऊ वाटत नाही. ‘माशी म्हणजे घरातली माशी’ हा आक्षेप घेतला जातो, पण मराठीत माशी हा शब्द कधीच तेवढा अरुंद नव्हता. मधमाशी, गांधीलमाशी, फळमाशी असे वेगवेगळ्या गणांतले कीटक आपण एका शब्दात बसवले आहेत. मग मेफ्लाय या ट्राउटच्या आवडत्या कीटकाने काय घोडं मारलंय?

आणि इतिहासही माशीच्या बाजूने आहे. इ.स. २०० च्या सुमारास ईलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या एका नदीवरच्या लोकांची रीत लिहून ठेवली आहे. तिथले मासे पाण्यावर उडणाऱ्या एका माशीवर तुटून पडत. पण खरी माशी गळाला लावावी तर हात लागताच तिचा रंग जाई, पंख चुरगळत. म्हणून ते लोक गळाला लाल लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसं बांधत. ही बांधलेली माशीच आहे. ‘कृत्रिम माशी’ किंवा ‘पिसांची माशी’ म्हणायला काय हरकत?

उत्तर

मधमाशीचा मुद्दा बिनतोड आहे. कीटकशास्त्राच्या आधाराने ‘माशी’ नाकारता येणार नाही, आणि ट्राउटपुरतं लिहायचं असतं तर ‘पिसांची माशी’ मीही आनंदाने घेतली असती.

पण लेखाचा दुसरा अर्धा भाग समुद्राचा आहे. बोनफिशसाठी बांधलेली फ्लाय बहुतेक वेळा कोळंबीसारखी दिसते. परमिट या माशासाठी खेकडा बांधतात. क्लाउझर मिनो नावाची प्रसिद्ध फ्लाय छोट्या माशाची नक्कल असते, तिला धातूचे जड डोळे असतात आणि त्या वजनामुळे गळाचं टोक वर राहतं. आता ‘खेकड्याची माशी’ किंवा, त्याहून वाईट, ‘माशाची माशी’ लिहून बघा. यातलं काहीच उडत नाही. त्यांना फ्लाय म्हणतात ते त्या काय दिसतात म्हणून नव्हे, तर त्या कशा फेकल्या जातात म्हणून.

या प्रकारचा गाभा तिथे आहे, आणि लेखाच्या सुरुवातीलाच तो मराठीत स्वच्छ यायला हवा. नेहमीच्या गळात शिसं किंवा जड आमिष पुढे झेपावतं आणि हलका दोर त्याच्यामागे ओढला जातो. इथे उलट. दोराच्या मानाने फ्लायला वजन जवळपास नसतंच, वजन दोराला असतं. काठी मागे-पुढे झुलवली की दोराचा वेटोळा आसुडासारखा उलगडत जातो आणि टोकाची फ्लाय सोबत नेतो. म्हणून दोराचं वजन हे या छंदातलं पहिलं माप आहे. १९६१ साली अमेरिकन उत्पादकांनी ते प्रमाणित केलं: दोराचे पुढचे ३० फूट तोलायचे आणि त्यावरून क्रमांक द्यायचा. ५ क्रमांकाच्या दोराचा हा भाग १४० ग्रेन, म्हणजे ९ ग्रॅमच्या आसपास भरतो आणि तो ट्राउटला पुरतो. बोनफिशसाठी साधारण ८ क्रमांक, २१० ग्रेन. मोठ्या टार्पनला ११ किंवा १२.

त्यामुळे माझं मत: ‘फ्लाय’ तशीच ठेवा, स्त्रीलिंगी ठेवा, आणि पहिल्यांदा येते तिथे दोन वाक्यांत समजावून सांगा. नामं उसनी घेतल्याने मराठीचं काही बिघडत नाही. क्रियापदं मात्र उसनी घेऊ नका, कारण तिथे आपल्याकडे भरपूर आहे. ‘कास्ट केला, स्ट्राइक केला, स्ट्रिप केलं’ अशी ‘करणे’ची रांग लागली की लेख मराठीत आला असं म्हणता येणार नाही.

प्रश्नकर्ता

हे पटलं. पण मग ‘ड्राय’ आणि ‘वेट’? ‘कोरडी फ्लाय’ लिहिलं की ती पाण्यात टाकायचीच नाही असं वाटतं. आणि ‘निम्फ’ला शब्दकोशात ‘अप्सरा’ सापडते!

उत्तर

‘तरती’ आणि ‘बुडती’. ड्राय फ्लायचं काम तरंगण्याचं. तिच्या मानेभोवती कोंबड्याचं ताठ पीस गोल गुंडाळलेलं असतं, त्याच्या तंतूंच्या टोकांवर ती पाण्याच्या ताणलेल्या पृष्ठभागावर उभी राहते. वेट फ्लायला मऊ पीस लावतात, ते भिजतं आणि फ्लाय खाली जाते. कोरडं-ओलं हे वर्णन त्यामानाने वरवरचं आहे. तरती फ्लायही पाण्याला लागते, आणि पुन्हा हवेत झुलवून तिच्यातलं पाणी झटकावं लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये फ्लाय फिशिंगवर लिहिणाऱ्या हॅलफर्ड यांनी तरत्या फ्लायचा पक्ष लावून धरला, पुढे स्क्यूज यांनी पाण्याखालच्या निम्फची बाजू मांडली, आणि तो वाद वर्षानुवर्षं चालला. तुमच्या लेखात तो आला तर ‘तरतीवाले’ आणि ‘निम्फवाले’ असं लिहून बघा, वाक्य कसं मोकळं होतं.

आता निम्फ. यासाठी शब्द शोधायची गरजच नाही, शेतीच्या मराठीत तो रोज वापरला जातो. ‘या किडीची पिल्ले आणि प्रौढ पानांतील रस शोषतात’ हे वाक्य पीकसंरक्षणाच्या प्रत्येक माहितीपत्रकात असतं. तिथली ‘पिल्ले’ म्हणजेच निम्फ. ‘लार्व्हा’ला अळी आणि ‘प्यूपा’ला कोष, हेही तिथेच.

गंमत अशी की हे शब्द नेमके आहेत. मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय यांना कोषावस्था नसते. पाण्याखाली पिल्लू वाढतं, कात टाकत मोठं होतं आणि त्यालाच पंख फुटतात. कॅडिस या कीटकाला मात्र अळी, मग कोष, मग पंख असा पूर्ण फेरा असतो. तेव्हा ‘मेफ्लायचं पिल्लू’ आणि ‘कॅडिसची अळी’ असं लिहिलंत तर शास्त्रही बरोबर आणि मराठीही. ‘मेफ्लायची अळी’ मात्र लिहू नका. ट्राउट ज्या अगदी बारीक कीटकांवर दिवसच्या दिवस जगतो त्या ‘मिज’ना ‘चिलटं’ म्हणा, तो शब्द सगळ्यांना कळतो.

एका ठिकाणी मात्र आपल्याकडे शब्द नाही. मेफ्लाय पाण्याबाहेर येते तेव्हा तिला पंख असतात, पण अजून एकदा कात टाकायची असते. पंख फुटल्यावर कात टाकणारा कीटकांचा हा एकच गण आज उरला आहे. त्या मधल्या, मळकट पंखांच्या अवस्थेला ‘डन’ म्हणतात आणि नंतरच्या काचेसारख्या पंखांच्या अवस्थेला ‘स्पिनर’. प्रौढ मेफ्लाय काहीही खात नाही, तिचं तोंडच निकामी असतं. जोडीदार, अंडी, मरण, बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत आटपतं. डन आणि स्पिनर हे शब्द तसेच घ्या, पण ‘शेवटची कात टाकण्याआधीची’ आणि ‘नंतरची’ हे एकदा सांगा. ट्राउट या दोहोंत फरक करतो, वाचकालाही तो करता आला पाहिजे.

भर

क्रियापदांचा विषय निघालाच आहे तर कोकणातलं ‘गरवणे’ विसरू नका. गळाला ‘गरी’ म्हणतात आणि गळाने मासे धरण्याला ‘गरवणे’. ‘मासेमारी’त मारणं आहे, आणि फ्लायवाले पुष्कळदा मासा धरून सोडून देतात, उलट्या काट्याशिवायचा गळ त्यासाठीच वापरतात. ‘गरवून सोडला’ हे ‘मासेमारी करून सोडला’पेक्षा केव्हाही चांगलं.

उत्तर

अगदी. ‘गरवणे’ लेखभर वापरता येईल, एकदा अर्थ सांगितला की पुरे.

बाकीच्या क्रिया अशा सुचतात. ‘कास्ट’ला ‘फेक’ आणि ‘फेकणे’. हवेतल्या मागे-पुढेला ‘दोर झुलवणे’. शेवटच्या क्षणाला मात्र ‘टाकणे’ नको. गळ टाकतात, फ्लाय ‘उतरवतात’. ती पाण्यावर कशी उतरली यावर ट्राउट राहणार की पळणार हे ठरतं, आणि ‘अलगद उतरवली’मध्ये ते सगळं येतं. ट्राउट वरची माशी घेतो त्याला ‘टिपणे’. पाखरू दाणा टिपतं तो शब्द. शांत पाण्यात मोठा ट्राउट पुष्कळदा उसळी मारत नाही, ओठ वर आणून टिपतो आणि पाण्यावर फक्त एक कडं उमटतं. ‘झडप’ हा शब्द ट्रेव्हलीसाठी राखून ठेवा, तो तसाच येतो.

‘स्ट्राइक’ला एकच शब्द घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. डोंगरात आणि समुद्रात ही क्रिया वेगळी आहे. ट्राउटने फ्लाय टिपली की काठी हलकेच वर करतात: ‘उचल’. समुद्रात काठी खालीच, माशाच्या दिशेने ठेवायची आणि डाव्या हाताने दोर सरळ मागे ओढायचा: ‘खेच’. तोंड कठीण असतं म्हणून हे लागतं, आणि मासा चुकला तरी फ्लाय त्याच्या समोरच राहते, काठी उचलली असती तर ती पाण्याबाहेर उडाली असती. ट्राउटची सवय घेऊन समुद्रावर गेलेला माणूस नेमका इथे मासा गमावतो. मूळ लेखात दोन्हीकडे एकच शब्द असेल. मराठीत ‘उचल’ आणि ‘खेच’ वेगळे केलेत तर तो धडा शब्दांतूनच पोचेल. ‘हिसका’ दोन्हीकडे नको, हिसक्याने फ्लाय बांधलेला बारीक तंगूस तुटतो.

हो, ‘टिपेट’ला ‘तंगूस’. बारीक नायलॉनच्या दोराला हा शब्द आहेच. जाडीचे ‘एक्स’चे आकडे देताना एक खुलासा करा: इथे आकडा वाढतो तशी जाडी कमी होते. ११ मधून तो आकडा वजा केला की इंचाचे हजारावे भाग मिळतात. ५ एक्स म्हणजे ०.००६ इंच, साधारण ०.१५ मिलिमीटर.

प्रश्नकर्ता

‘ड्रॅग’ राहिला. एका जागी तो दोष आहे, दुसऱ्या जागी ‘चांगला ड्रॅग हवा’ लिहिलंय.

उत्तर

ते दोन वेगळे शब्द आहेत, दिसायला एक. ओढ्यात ड्रॅग म्हणजे ‘फरफट’. मधला जोराचा प्रवाह दोराला पुढे नेतो आणि कडेच्या संथ पाण्यातली फ्लाय त्यामागे फरफटत जाते. खरा कीटक कधी असा जात नाही, ट्राउट तोंड फिरवतो. हे टाळायला दोराचा मधला भाग उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकतात; त्या ‘मेंड’ला ‘दोर सावरणे’ पुरेल. समुद्रातल्या वाक्यातला ड्रॅग म्हणजे रिळाचा ब्रेक. बोनफिश लागला की एका दमात शंभर मीटरांच्या आसपास दोर नेऊ शकतो, फ्लायचा दोर संपून आतला बारीक दोर बाहेर येतो, तिथे ब्रेक गुळगुळीत लागला पाहिजे. ‘ब्रेक’च लिहा.

समुद्राच्या भागात भरती-ओहोटीची भाषा तर आपल्याकडे मुळापेक्षा श्रीमंत आहे. उधाण (मोठी भरती), भांग (लहान भरती), सुकती (ओहोटी) हे शब्द मोकळेपणाने वापरा. बोनफिश चढत्या भरतीबरोबर उथळ पाण्यात चरायला येतो आणि खाली डोकं घालून वाळू उकरताना त्याची शेपटी पाण्याबाहेर दिसते. त्या ‘फ्लॅट’ला कोणी ‘पुळण’ सुचवेल, पण पुळण म्हणजे किनाऱ्याची वाळू. हे पाण्याखालचं आहे. ‘उथळ’ हा शब्दच नाम म्हणून घ्या: ‘उथळात शिरला’.

आणखी एक शंका

‘सी ट्राउट’ला ‘समुद्री ट्राउट’ लिहिलं तर चालेल ना?

उत्तर

मूळ मजकूर कुठला आहे ते आधी बघा. युरोपातला असेल तर चालेल: तो ब्राउन ट्राउटच, साल्मो ट्रुटा, फक्त समुद्रात जाऊन वाढणारा आणि अंडी घालायला नदीत परतणारा. अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरचा ‘स्पॉटेड सीट्राउट’ मात्र ट्राउट नाहीच. तो आपल्या घोळ-ढोम्याच्या कुळातला. तिथे ‘समुद्री ट्राउट’ लिहिलंत तर वाचक भलत्याच माशाचं चित्र मनात धरेल. ‘सीट्राउट’ असं जोडून ठेवा आणि कूळ सांगा. नावांचा हा घोटाळा ट्राउटमध्ये जुनाच आहे. ब्रुक ट्राउट खरं तर ‘चार’ (char) नावाच्या माशांच्या गटातला, आणि रेनबो ट्राउटला १९८९ पासून पॅसिफिक सामनच्या प्रजातीत, ऑन्कोरिंकसमध्ये ठेवतात.

लिंगाचं विचारलं नाहीत, तरी सांगतो: ट्राउट, बोनफिश, टार्पन सगळे पुल्लिंगी करा, ‘मासा’ मनात धरून. फ्लाय स्त्रीलिंगी. मग ‘त्याने ती टिपली’ एवढ्या तीन शब्दांतही कोणी कोणाला घेतलं ते कळतं.