वाडा पाडला की उतरवला?

प्रश्न : जुनी इमारत गेली, पण तिची कोरीव चौकट, खांब, महिरपी कुणीतरी जपल्या आणि आज त्यांना वारसा म्हणून संरक्षण आहे. अशा सुट्या भागांना मराठीत काय म्हणावं? ‘अवशेष’ चालेल?

– मला तो पुरत नाही. अवशेष म्हणजे आपोआप उरलेलं. जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टीन चर्चचा मनोरा घ्या. १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि निम्मा मनोरा. जांभ्याचा जो भाग अजून उभा आहे, तो भग्नावशेष. पण त्याच मनोऱ्यातली मोठी घंटा १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे. तिला अवशेष म्हणायला जीभ वळत नाही. शिवाय तिथे ‘पवित्र अवशेष’ म्हटलं की संत फ्रान्सिस झेवियरचं जपून ठेवलेलं शवच डोळ्यांसमोर येतं.

– कायदा मात्र तेच म्हणतो ना? जुन्या वस्तू आणि कलाकृतींविषयीच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्याच्या हिंदी नावात ‘पुरावशेष’ आहे, आणि इमारतीपासून किंवा लेण्यापासून सुटी झालेली, किमान शंभर वर्षं जुनी वस्तू त्यात येते.

– येते, पण नाणी आणि मूर्तीही येतात. मराठीत त्याला आपण ‘पुरावस्तू’ म्हणतो. प्रश्न फक्त इमारतीच्या भागांचा आहे.

– मग ‘वास्तुखंड’? ‘शिल्पखंड’ रुळलाय तसा.

– दगडाला शोभेल. लाकूडकामाला ‘खंड’ म्हटलं की मोडकं वाटतं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातला मस्तानी महाल बघा. कोथरूडच्या वाड्याचे भाग आणून तो पुन्हा उभा केलाय. त्याला तुकडे कसं म्हणणार? खरं तर शब्द आपल्या बोलण्यातच आहे. वाडा ‘पाडतात’ आणि वाडा ‘उतरवतात’, ही दोन वेगळी कामं. पाडला की मातीचा ढीग आणि भंगार. उतरवताना आधी कौलं, मग वासे, मग तुळया, शेवटी खांब. प्रत्येकावर खूण करायची, कारण कुसू, म्हणजे लाकडाचं खाचेत बसणारं टोक, आपल्याच खाचेत बसतं. जपण्याचा हेतू त्या क्रियापदातच आहे, आणि ‘अवशेष’मध्ये नेमका तोच नाही.

– म्हणजे संग्रहालयातल्या पाटीवर ‘सागवानी चौकट, वाड्याचे अवशेष’ ऐवजी ‘वाड्यातून उतरवलेली सागवानी चौकट’?

– हो. आणि कुठल्या गावच्या वाड्यातून, तेही त्याच ओळीत लिहा.