सँक्शन : मंजुरी की निर्बंध?

एक भाषांतर तपासत होतो. मूळ इंग्रजी वाक्य साधं होतं, ‘द बोर्ड सँक्शन्ड द डील’. मराठीत ते असं उतरलं होतं : ‘मंडळाने या व्यवहारावर निर्बंध लादले.’ आणि पुढच्याच परिच्छेदात तो व्यवहार सुरळीत पार पडला होता, सह्या झाल्या होत्या, सगळे खूश होते. भाषांतर करणाऱ्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, “सर, बातम्यांत सँक्शन म्हणजे निर्बंधच असतं ना?” असतं. आणि तोच मुलगा दोन मिनिटांनी “माझी रजा सँक्शन झालीय, उद्यापासून नाही मी” असं सांगून मोकळा झाला, तेव्हा आपल्या तोंडून आत्ता उलटा अर्थ गेला हे त्याच्या गावीही नव्हतं.

त्याला दोष देता येत नाही. शब्दकोश उघडला की ‘मंजुरी, अनुमती’ आणि ‘निर्बंध, दंड’ हे दोन्ही अर्थ एकाच नोंदीत शेजारी बसलेले दिसतात, जणू काही भांडण झालेलंच नाही. रजा, कर्ज, बजेट, पदं हे सगळं ‘सँक्शन’ होतं तेव्हा दार उघडतं. एखाद्या देशावर ‘सँक्शन्स’ येतात तेव्हा दार लागतं. एकाच शब्दाने दोन्ही कामं कशी केली, याचा छडा लावायला थोडं मागे जावं लागतं.

लॅटिनमध्ये ‘सान्किरे’ असं क्रियापद होतं. अर्थ : एखादी गोष्ट पवित्र करणं, तिला अभंग ठरवणं, तिच्यावर विधीची मोहोर उमटवणं. ‘सेंट’, ‘सँक्चुअरी’, ‘सँक्टिटी’ ही सगळी त्याच घरातली मंडळी. यातून निघालेलं नाम ‘सान्क्टिओ’. रोमन कायद्याच्या मसुद्याचे भाग असत. आधी प्रस्तावना, मग प्रत्यक्ष तरतूद आणि शेवटी ‘सान्क्टिओ’, म्हणजे कायदा मोडला तर काय होईल हे सांगणारा भाग. इथेच सगळी गोम आहे. कायद्याला बळ देणारा भाग तोच, आणि शिक्षा सांगणारा भागही तोच. हा कायदा पाळायचा आहे, एवढं एकच म्हणणं तो दोन अंगांनी म्हणतो. कायद्याच्या बाजूने पाहिलं तर त्याला मान्यता मिळाली. मोडणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर मानेवर टांगती तलवार आली.

इंग्रजीत हा शब्द आला तो आधी फर्मान किंवा आज्ञा या अर्थाने. तो अर्थ आज जवळजवळ मेला आहे, पण इतिहासाच्या पुस्तकात एका ठिकाणी जिवंत सापडतो आणि विद्यार्थ्यांना हमखास चकवतो. ऑस्ट्रियाच्या सहाव्या चार्ल्सने १७१३ साली ‘प्रॅग्मॅटिक सँक्शन’ काढलं. यात कुणावर निर्बंध नव्हते आणि कुणाच्या अर्जाला मंजुरीही नव्हती. आपल्या पश्चात हॅब्सबर्ग घराण्याचा मुलूख फुटू नये, मुलगा नसला तर मुलीकडेही वारसा जावा, असं ते राजाज्ञापत्र होतं. त्याची मुलगी मारिया थेरेसा जन्मली १७१७ साली, म्हणजे आज्ञापत्र आधी आणि मुलगी मागाहून. १७४० मध्ये चार्ल्स गेला आणि त्या आज्ञापत्राला आधी माना डोलावलेल्यांपैकी काहींनी ती फिरवली. युद्ध झालं ते १७४८ पर्यंत चाललं. याचं मराठी ‘व्यावहारिक मंजुरी’ असं केलेलं मी पाहिलं आहे. दोन्ही शब्द शब्दकोशात सापडतात आणि दोन्ही इथे चूक आहेत. ‘वारसाविषयक राजाज्ञा’ म्हटलं तर निदान वाचणाऱ्याला काही कळेल.

फर्मानाच्या अर्थातून पुढे दोन वाटा फुटल्या. एक वाट ‘अधिकृत संमती’कडे गेली. दुसरी वाट विधिशास्त्रवाल्यांनी रुंद केली. इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथमने १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात चार सँक्शन मोजली : नैसर्गिक, राजकीय, नैतिक आणि धार्मिक. माणसाला एखाद्या वागण्याशी बांधून ठेवणाऱ्या सुखदुःखांचे हे चार उगम. निष्काळजीपणाने आग लावून घेतलीत आणि भाजलात, हे नैसर्गिक. न्यायाधीशाने शिक्षा केली, हे राजकीय. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी बोलणं टाकलं, हे नैतिक. देव पाहून घेईल, हे धार्मिक. लक्षात घ्या, बेंथमच्या हिशेबात सुखही सँक्शन आहे, फक्त दुःख नव्हे. त्याच्यामागून आलेल्या जॉन ऑस्टिनने ते बक्षिसाचं अंग कापून टाकलं. आज्ञा मोडल्यास जे वाईट वाट्याला येईल तेवढंच सँक्शन, असं त्याने १८३२ साली मांडलं. समाजशास्त्राने मात्र बेंथमचाच पाठ पुढे चालवला. तिथे आजही ‘पॉझिटिव्ह सँक्शन’ म्हणजे शाबासकी आणि ‘निगेटिव्ह सँक्शन’ म्हणजे नापसंती, असं शिकवतात. भाषांतर करताना ‘सकारात्मक निर्बंध’ असा विनोद होतो तो इथेच.

देशांवर लादायची ‘सँक्शन्स’ ही त्यामानाने कालपरवाची. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाच्या, म्हणजे ‘लीग ऑफ नेशन्स’च्या, करारात सोळावं कलम आलं : करार मोडून युद्ध सुरू करणाऱ्या सदस्याशी बाकीच्यांनी व्यापार आणि पैशाचे व्यवहार तोडायचे. इटलीने १९३५ साली ॲबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, चढाई केली तेव्हा त्या कलमाचा मोठा प्रयोग झाला. नोव्हेंबरमध्ये निर्बंध लागू झाले, पण यादीतून तेल वगळलं होतं आणि सैन्य तर तेलावरच चालत होतं. पुढच्या जुलैत निर्बंध उठले, इटली जिथल्या तिथे. निर्बंध फसले, पण शब्द मात्र वर्तमानपत्रांत रुजला. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या ज्या एकेचाळिसाव्या कलमाच्या आधारे सुरक्षा परिषद निर्बंध लावते, त्या कलमात ‘सँक्शन’ हा शब्दच नाही. तिथे ‘सशस्त्र बळाचा वापर नसलेले उपाय’ असं सोवळं बोललं आहे. तरी १९६६ साली ऱ्होडेशियावर, म्हणजे आजच्या झिंबाब्वेवर, ते उपाय सक्तीचे केले, तेव्हा सगळं जग त्यांना सँक्शन्सच म्हणालं.

आता कामाचं बोलू. वाक्य समोर आलं की अर्थ ओळखायचा कसा? मी आधी वचन पाहतो. ‘सँक्शन्स’ असं अनेकवचन दिसलं की शंभरातल्या बहुतेक वेळी तो बडगा असतो. एकवचनी ‘सँक्शन’ आणि त्यामागे ‘ऑफ’, म्हणजे ‘विथ द सँक्शन ऑफ द कौन्सिल’ असं काही असेल तर ती संमती. मागे ‘ऑन’ किंवा ‘अगेन्स्ट’ असेल तर निर्बंध.

क्रियापद असेल तर कर्म पाहायचं, आणि ही युक्ती सहसा दगा देत नाही. कर्म जर कृती, योजना, खर्च, करार असेल तर सँक्शन करणं म्हणजे मंजूर करणं. कर्म जर माणूस, कंपनी किंवा देश असेल तर दंड करणं. ‘द कोर्ट सँक्शन्ड द सेटलमेंट’ : न्यायालयाने तडजोडीला मान्यता दिली. ‘द कोर्ट सँक्शन्ड द लॉयर’ : न्यायालयाने वकिलावर कारवाई केली. पैकी माणसाला सँक्शन करण्याचा हा दुसरा क्रियापदी अर्थ विसाव्या शतकातला. जुन्या वळणाच्या इंग्रजी लिहिणाऱ्यांना तो अजून खटकतो. ते ‘इम्पोज सँक्शन्स ऑन’ असं सविस्तर लिहितात, आणि खरं तर तेच बरं, कारण त्यात घोटाळ्याला जागा राहत नाही.

नकार आला की प्रश्न बहुधा मिटतो. ‘अनसँक्शन्ड’ म्हणजे विनापरवाना. ज्याच्यावर निर्बंध नाहीत असा, हा अर्थ त्या शब्दाला सहसा चिकटत नाही.

खरी अडचण ‘सँक्शन्ड’ हे विशेषण म्हणून येतं तेव्हा. ‘सँक्शन्ड पोस्ट’ म्हणजे मंजूर पद, ‘सँक्शन्ड लोड’ म्हणजे विजेचा मंजूर भार. पण ‘सँक्शन्ड टँकर’ म्हणजे निर्बंधांच्या यादीत नाव गेलेलं जहाज. ‘स्टेट सँक्शन्ड’ म्हणजे सरकारच्या आशीर्वादाने चाललेलं, आणि ‘यूएन सँक्शन्ड’ मात्र दोन्हीकडे झुकतं : ‘यूएन सँक्शन्ड मिशन’ म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलेली मोहीम, ‘यूएन सँक्शन्ड इंडिव्हिज्युअल’ म्हणजे त्यांच्या काळ्या यादीतला इसम. इथे पुढचं नाम वाचल्याशिवाय पेन उचलू नये. मुष्टियुद्धात तर गंमतच आहे. किताबाच्या लढतीला मान्यता देणाऱ्या संस्थेला ‘सँक्शनिंग बॉडी’ म्हणतात, आणि नियम मोडणाऱ्याला सँक्शन करायलाही तीच पुढे येते.

‘परमिशन’ किंवा ‘अप्रूव्हल’ असताना सँक्शन का वापरतात? कारण त्यात अधिकाराचं वजन आहे. मित्र परवानगी देऊ शकतो, सँक्शन देऊ शकत नाही. घरातल्या थोरल्यांनी सहलीला ‘सँक्शन दिलं’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यांच्या खुर्चीला आपण हळूच चिमटा काढलेला असतो. मराठीत ‘परवानगी’ आणि ‘मंजुरी’ यांत हाच फरक आहे. मंजुरीमागे सही असते. आणि कर्ज ‘सँक्शन झालं’ म्हणजे पैसे हातात आले असं नव्हे. मंजुरी आणि वितरण या दोन पायऱ्या आहेत, त्या एक धरल्याने पुष्कळांची फजिती होते.

जाता जाता : निर्बंध आणि ‘एम्बार्गो’ एक नव्हेत. एम्बार्गो म्हणजे व्यापारबंदी, सँक्शन्सच्या भात्यातला एक बाण. खाती गोठवणं, प्रवासबंदी हे त्याच भात्यातले दुसरे. आणि बहिष्कार हा सरकारी हुकुमाशिवायही घालता येतो.

मराठीत ‘निर्बंध’ हा शब्द चांगला बसला आहे. हिंदीचं पाहून हल्ली काही ठिकाणी ‘प्रतिबंध’ लिहू लागले आहेत, ते मला रुचत नाही. मराठीत प्रतिबंध म्हणजे आधीच अडवणं. लस रोगाला प्रतिबंध करते. निर्बंध घालते, असं आपण म्हणत नाही. पण निर्बंधही सगळीकडे चालत नाही. वकिलावर निर्बंध घातले म्हटलं तर त्याची सनद अडकली की काय असं वाटतं, प्रत्यक्षात त्याला दंड भरायला लावलेला असतो. तिथे ‘दंडात्मक कारवाई’ किंवा नुसतं ‘दंड’ म्हणावं. ‘मॉरल सँक्शन’ला तर दोन्ही शब्द उपयोगाचे नाहीत. एखाद्या रूढीला ‘रिलिजस सँक्शन’ होतं, म्हणजे धर्माचं अधिष्ठान होतं. कायद्यामागे ‘मॉरल सँक्शन’ नाही, म्हणजे त्याला लोकांच्या मनाचं पाठबळ नाही.

एक मजेशीर योगायोग सांगायचा मोह आवरत नाही. सावरकरांनी भाषाशुद्धीच्या चळवळीत ‘कायदा’ या शब्दाला पर्याय सुचवला तो ‘निर्बंध’. तो रूढ झाला नाही, पण त्या वेळी त्यांनी नकळत लॅटिनचीच वाट धरली होती : बांधतो तो कायदा. आणि आपला ‘दंडक’ पाहा. ‘असा दंडक आहे’ म्हणतो तेव्हा आपल्याला नियम म्हणायचा असतो, पण त्याच्या पोटात दंड आहेच. सान्क्टिओला याहून जवळचा भाऊ मराठीत मला तरी सापडलेला नाही.

एका मित्राचं म्हणणं असं की इंग्रजी भाषाच बेशिस्त, एका शब्दाला उलटे अर्थ ठेवते. ‘ओव्हरसाइट’चंही उदाहरण त्याने दिलं, देखरेख तीही आणि नजरचूक तीही. मी त्याला विचारलं, “परवा भेटू या का?” तो म्हणाला, “परवा तर भेटलो की!” मग दोघेही थांबलो. आपला ‘परवा’ मागेही जातो, पुढेही जातो आणि क्रियापदाच्या काळावरून आपण बिनचूक ओळखतो. ‘वाढवणं’ तर आणखी पुढचं. पगार वाढवला की भर पडते, दिवा वाढवला की अंधार होतो, नारळ वाढवला की फुटतो आणि दुकान वाढवलं की फळ्या लागतात. तिथे अशुभ उच्चारायचं नाही म्हणून उलटा शब्द आला, सँक्शनमध्ये एकाच अर्थाची दोन टोकं ताणली गेली. कारणं वेगळी, पण ऐकणाऱ्याने शेजारचा शब्द पाहून अर्थ लावायचा, ही रीत तीच.

माझं मत असं की बोलताना ‘सँक्शन’ मंजुरीपुरतं ठेवावं, रूढ झालंच आहे. लिहिताना मात्र दोन्ही अर्थांना मराठी शब्द आहेत ते वापरावेत, आणि निर्बंधांना ‘सँक्शन्स’ तर मुळीच लिहू नये.

त्या मुलाला हे सगळं फोनवर समजावलं. त्याने मनापासून ऐकलं, टिपून घेतलं. दुसऱ्या दिवशी सुधारलेला मजकूर आला. ‘मंडळाने या व्यवहाराला मंजुरी दिली’, छान. खाली सातव्या परिच्छेदात मूळ वाक्य होतं, ‘द रेग्युलेटर सँक्शन्ड द ऑडिटर’. त्याने लिहिलं होतं : ‘नियामकाने लेखापरीक्षकाला मान्यता दिली.’