कोटेशन बघताना

घराच्या छतावर सोलर पॅनल बसवायचे तर सगळ्यात स्वस्त कोटेशनवाल्याला काम देऊन टाका असं काहीजण म्हणतात, हे काही पटलं नाही बुवा. एकूण रकमेवर जाऊच नका, आधी प्रत्येकाचा प्रति वॅट रेट काढा, कारण एकजण ३ किलोवॅटचं देतो दुसरा ४ चं, मग तुलना कशी होणार? आणि पॅनलवर २५ वर्षांची वॉरंटी म्हणतात ती बहुतेक वेळा परफॉर्मन्सची असते, म्हणजे वीजनिर्मिती ठरलेल्या पातळीखाली जाणार नाही याची. इन्व्हर्टरची (पॅनलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसीत बदलणारं यंत्र) साधारण ५ ते १० वर्षंच, म्हणजे मधे एकदा तो बदलायचा खर्च आत्ताच हिशोबात धरा. इन्स्टॉलेशनच्या कामाची वॉरंटी वेगळी असते, ती लेखी घ्या, छताला भोकं पाडल्यावर गळती झाली तर कोण बघणार हे त्यात स्पष्ट हवं.

माझ्या मते खरी परीक्षा म्हणजे कोटेशन देणारा माणूस आधी छतावर चढतो का. टाकीची नाहीतर झाडाची सावली एका पॅनलवर पडली तरी साध्या स्ट्रिंग इन्व्हर्टरवर (ज्याला पॅनल्स एकामागोमाग एका ओळीत जोडलेले असतात) अख्ख्या ओळीचं जनरेशन घसरू शकतं, आणि हिवाळ्यात सूर्य खाली असल्याने सावल्या लांबतात त्या वेगळ्याच. फोनवरच भाव सांगून मोकळा होणारा हे कुठून बघणार? वर्षाला किती युनिट मिळतील हा आकडा सावली धरून लिहून मागा, टाळाटाळ केली की दुसरा बघा.